नवरीचा अर्धा चेहरा

“पहिले तोंड धू तू,” नवरीची आई मुलीला म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझी दोन बोटं अजून नवरीच्या गालावर होती. मी ती उचलली आणि तशीच धरून उभी राहिले. बोटांना क्रीम लागलेलं. पदराला पुसावं तर पदर खराब होईल, एवढाच विचार त्या वेळी डोक्यात आला. अपमान कळायला वेळ लागतो. आधी असली फालतू गोष्टच सुचते.

पांढुर्ण्यातलं लग्नघर. संत्र्याचे बगीचे असलेली माणसं. गोरज मुहूर्ताला दोन तास होते. नवरीची आत्या पलंगावर बसून माझं पुस्तक चाळत होती, म्हणजे कंपनीचं, क्रीम-पावडरींच्या चित्रांचं. शेवटच्या पानावर प्रतिनिधीचा पत्ता लिहायची चौकट असते. आत्या तिथे थांबली आणि तिने मोठ्याने वाचलं, “बुद्ध विहाराजवळ, सौंसर.” मग नवरीच्या आईला म्हणाली, “वैनी, हे बाई तर त्यायच्यातली हाये.”

खोलीत सात-आठ बाया होत्या. एकीने तिच्यापुढचं फराळाचं ताट थोडं स्वतःकडे ओढून घेतलं.

तो पत्ता माझ्या हातचा नव्हता. मी ती चौकट दोन वर्षं कोरी ठेवत आले होते. कोणी विचारलंच तर “बस स्टँडच्या मागे” म्हणायचे. आमचं आडनाव दोन्हीकडे चालणारं, त्यामुळे निभायचं. सौंसरात सगळे ओळखीचे, तिथे कोण मला घरात घेणार? म्हणून पिशवी घेऊन पांढुर्ण्याची बस धरायची. घरी जय भीम, आणि पांढुर्ण्यातल्या दारात राम राम. मला त्याची लाज वाटत नव्हती. उलट आपण हुशार आहोत असं वाटायचं.

माझी आई जन्मभर असल्याच लोकांच्या बगीच्यात संत्री तोडायला गेली. मी मॅट्रिक झाले ते त्या टोपल्या उचलायच्या नव्हत्या म्हणून. नवरा तहसील कचेरीत चपराशी. नागपूरच्या एका कंपनीला घरोघरी जाऊन माल विकणाऱ्या बाया हव्या आहेत असं कळलं आणि मी नाव दिलं. शिकवायला नागपूरहून एक बाई आली होती. तिचं म्हणणं एकच, हात लावल्याशिवाय माल खपत नाही. आणि तिची एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या अर्ध्याच चेहऱ्यावर लावायचं, उजव्या बाजूला. मग आरसा द्यायचा. दोन बाजूंतला फरक बाई स्वतः बघते आणि मग ती डबी परत देत नाही.

मी ती रीत पक्की शिकले. माझा हात हलका होता. पांढुर्ण्यातल्या किती बायांनी डोळे मिटून माझ्यासमोर तोंड पुढे केलं असेल. त्यांच्या नवऱ्यांनीही इतक्या मायेने हात लावला नसेल त्या गालांना. “तुमच्या हाताले गुण हाये, ताई,” असं म्हणायच्या. याच नवरीची आई म्हणाली होती तसं, महिन्यापूर्वी. म्हणून तर लग्नाला बोलावलं होतं.

पुस्तकांचा नवा गठ्ठा आला तेव्हा मला ताप होता. नवऱ्याने मदत म्हणून सगळ्या चौकटी भरून टाकल्या. त्याचं अक्षर सुंदर. मी ते पाहून त्याला नको नको ते बोलले. तो एवढंच म्हणाला, “राहतो तिथलाच पत्ता लिवला. खोटा कायले लिहू?” मी सगळी पुस्तकं बाजूला काढून ठेवली. लग्नाच्या घाईत त्यातलंच एक पिशवीत आलं. चूक माझीच होती. पण कसली चूक? स्वतःचा पत्ता बाळगण्याची?

तर ते लग्नघर. नवरी तोंड धुवायला उठेना. तिची उजवी बाजू पूर्ण झाली होती. हळदीचा पिवळेपणा अंगात मुरलेला असतो, वरून काही लावलं तर राखेसारखं दिसतं. मी तासभर गुलाबपाण्याने पुसून पुसून ती बाजू उजळवली होती. डोळा, भुवई, गाल, अर्धे ओठ. डावी बाजू अजून हळदीचीच होती. तिने आरशात बघितलं आणि म्हणाली, “आई, धुतलं तर परत कोण करून देईन?”

आईला ते पटलं. बाईला धर्म पाहिजे होता आणि मुलगी गोरीही दिसायला पाहिजे होती. तिने थोडा विचार केला. मग माझ्याशी बोलली. तोवर मी “तुमी” होते, “ताई” होते.

“तू ओसरीत उभी राय. तिथून सांग. आमची शकुन लावून देईन.”

शकुन म्हणजे तिची सून. मी पिशवीकडे हात नेला तर म्हणाली, “डबे राहू दे इथंच. ओल्या फडक्यानं पुसून घेतो.”

डब्या चालत होत्या. मी ज्या खोलीत झोपते तिथेच त्या रचलेल्या असतात. माझ्या उशाशी. त्या पुसून चालत होत्या. माझा हात पुसून चालत नव्हता.

आणि मी ओसरीत गेले. हे लिहिताना आजही माझे कान तापतात, पण लपवणार नाही. मी गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि सांगितलं. “आधी गुलाबपाणी. कापसाने. खालून वर न्या.” मास्तरणीसारखी सांगत होते मी. वाटत होतं, काम पुरं केलं तर निदान गिऱ्हाईक टिकेल. एवढी मी त्या डब्यांची झाले होते.

शकुनला काही जमेना. तिने क्रीम भिंतीला चुना लावावा तसं थापलं. नवरी रडकुंडीला आली. आई वैतागली. माझ्यावरच.

“असं तोंडानं सांगून का समजते? तुह्या तोंडावर लावून दाखव न. पाहून पाहून लावीन ते.”

एका पोरीच्या हाती तिने एक डबी बाहेर पाठवली. पोरीने ती ओसरीच्या फरशीवर ठेवली आणि मागे सरकली. मी वाकून उचलली. झाकण उघडलं. बोट बुडवलं. मंडपातली माणसं बघायला लागली होती. आचाऱ्याची माणसं, वाजंत्रीवाले, कोणाचे कोण पाहुणे. भर उजेडात, लोकांच्या ओसरीत उभी राहून मी स्वतःच्या गालावर क्रीम लावत होते. कोणीतरी म्हणालं, “हे कोणची नवरी वं?” आणि हसू फुटलं. आतल्या बायाही हसल्या. आत्या तर तोंडाला पदर लावून हसली.

माझा हात गालावर थांबला.

तो माझाच हात होता, माझाच गाल. दोन वर्षं दुसऱ्यांच्या तोंडावर फिरलेला हात. आणि पहिल्यांदा तो माझ्या तोंडावर आला तो यांना हसवायला. मला रडू नाही आलं. राग आला, आणि तो आधी माझाच आला. कोऱ्या चौकटींचा राग. मग त्यांचा आला. इतका स्वच्छ राग मला तोवर कधी आला नव्हता.

मी उंबरा ओलांडला. चपला घालूनच आत गेले. “अवं, अवं,” असं कोणीतरी म्हणालं. बाया भिंतीला चिकटल्या. मी शकुनच्या हातातली डबी घेतली. तिच्या बोटांना माझी बोटं लागली, मी लागू दिली. एकेक झाकण लावलं. घाई केली नाही. सगळ्या डब्या पिशवीत भरल्या. आत्याच्या मांडीवरचं पुस्तक मात्र राहू दिलं.

नवरी आरशासमोर बसली होती. एक बाजू उजळलेली, दुसरीवर शकुनचं थापलेलं. ती म्हणाली, “अर्धंच झालं न वो, ताई.”

तिने “ताई” म्हटलं. त्या खोलीत तेवढ्या एका तोंडून ते आलं आणि ते मला लागलं. पण तीसुद्धा हसली होती. मी बघितलं होतं.

“उरलेलं करायचं असलं तर सौंसरला ये,” मी म्हटलं. “माह्या घरी. पत्ता त्या पुस्तकात लिवला हाये.”

तिच्या आईने मागून काय काय म्हटलं ते मी ऐकलं आणि विसरले नाही. इथे लिहून तिच्या तोंडाला मान देणार नाही. तसाच क्रीमचा पट्टा गालावर घेऊन बस स्टँडवर आले. लोक बघत होते. बघू दिलं. घरी नवरा म्हणाला, “गालाले काय लागलं?” मी म्हटलं, “तू लिवलेला पत्ता.” मग सगळं सांगितलं. बाजूला काढलेली पुस्तकं त्याने माझ्यापुढे आणून ठेवली.

त्यानंतर मी पांढुर्ण्याची बस धरली नाही. घरावर पत्र्याची पाटी लावली, पूर्ण नावाची. पुस्तकं टपालाने पाठवायची, बस स्टँडवर वाटायची, चौकट भरूनच. माल घरीच मिळेल. ओसरीत नाही, दारात नाही. कित्येक आठवडे आमच्या वस्तीतल्या बायांशिवाय कोणी फिरकलं नाही. मग एक दिवस दारात रिक्षा थांबली. पांढुर्ण्याची जुनी गिऱ्हाईक, मला गुणाच्या हाताची म्हणणाऱ्यांतलीच. ती रिक्षातून उतरली नाही.

“ते मागच्या बारीची क्रीम पायजे होती. इथंच आणून द्या न.”

“आत या,” मी म्हटलं. “बसा. हात पुढे करा. मी लावून दाखवीन, मग डबी नेजा.”

“मले माहीत हाये कसं लावाचं ते.”

“मी लावल्याबिगर माह्या घरून माल जात नाही.”

ती रिक्षात बसून राहिली. तिच्या गालांवर डाग परत आले होते, मला दारातून दिसत होते. ते कसे जातील हे तिला माहीत होतं, मलाही. तिने पदर सारखा केला आणि रिक्षावाल्याला चल म्हणाली.

मी डबीचं झाकण घट्ट लावलं. आत येऊन बसले आणि पुढच्या पुस्तकावर पत्ता लिहायला घेतला.