मडगार्डवरचा माणूस

नवसाबाईला माणूस ओळखायला फार वेळ लागत नसे. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये ती बारा हंगाम द्राक्षं निवडत होती. डोक्याला टोपी, हातात मोजे, समोर घड. कात्रीचं टोक आत घालून खराब मणी तेवढा अलगद काढायचा आणि शेजारच्या मण्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे तिचं काम. वरून टवटवीत दिसणाऱ्या घडात आत कुठं पाणी सुटलंय, ते तिला घड उचलताच कळायचं. माणसांच्या बाबतीत तर तिला उचलायचीही गरज पडत नसे. "हे वरूनच सडलंय," असं ती पॅकहाउसच्या सुपरवायझरपासून स्वतःच्या थोरल्या दिरापर्यंत कुणाहीबद्दल तोंडावर म्हणायची. त्यामुळे तिला मैत्रिणी कमी होत्या आणि त्याचं तिला अजिबात वाईट वाटत नसे.

पण या बाईच्या तोंडाला सगळ्यात जास्त काम दिलं ते 'ललितभाऊ रेसिंग ग्रुप'नं.

हा ग्रुप काय होता, ते एकदा नीट सांगायला हवं, कारण ग्रुपातल्या पोरांनाही ते नीट माहीत नव्हतं. आपल्याकडच्या यात्रांत हल्ली ट्रॅक्टर उलटा पळवायच्या शर्यती लागतात. ट्रॅक्टरला मागं दोनचाकी ट्रॉली जोडायची आणि चुन्याच्या दोन पट्ट्यांमधून शंभर मीटर रिव्हर्स जायचं. ऐकायला सोपं. पण ट्रॉलीला डावीकडं न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडं फिरवावं लागतं, आणि ते बोटभर जास्त फिरलं की ट्रॉली आडवी होते. चुन्याला चाक लागलं की बाद. सगळ्यात कमी वेळात पोचला तो पहिला. या ग्रुपात अठरा पोरं होती. त्यातली सतरा काळे टी-शर्ट घालून शिट्ट्या वाजवायची आणि हर्षल नावाचा एक जण मोबाइलवर रील बनवायचा. ट्रॅक्टर चालवायचा तो या अठरांत नव्हताच. त्याच्या मापाचा टी-शर्ट ग्रुपानं कधी शिवलाच नाही. तो चालवणारा म्हणजे नवसाबाईचा नवरा, खंडेराव.

खंडेराव एरवी चहात साखर कमी पडली तरी न मागणारा माणूस. पण सीटवर बसून मान मागं वळवली, एक हात स्टेअरिंगवर ठेवला, की ट्रॉली त्याच्यापुढं अशी सरळ जायची की बघणाऱ्याला वाटावं, ती मुळात पुढंच चाललीय. सहा वर्षांत तेरा यात्रांत त्यानं पहिला नंबर काढला. आणि तेराही वेळा भोंग्यातून आवाज आला तो असा: "प्रथम क्रमांक, पिंपळगावचे ललितभाऊ!" मग ललितभाऊ इस्त्रीचा शर्ट सावरत मंडपात जायचा, फेटा बांधून घ्यायचा, ढाल उंचावायचा. शर्यत ट्रॅक्टरमालकाच्या नावानं लागते, ही पहिल्यापासूनची रीत. खंडेराव तेवढ्या वेळात ट्रॉलीची पिन काढत असायचा.

आणि ललितभाऊचं या सगळ्यात कर्तृत्व काय, तर ट्रॅक्टर त्याचा होता. तोही बापानं घेतलेला. आयत्या बिळावरचा नागोबा निदान फणा तरी काढतो. याला ट्रॅक्टर गोठ्याबाहेर काढायचा तरी खंडेरावाला हाक मारावी लागायची. वयानं बारा-तेरा वर्षांनी लहान असून हाक कशी, तर "ए खंडू!" नवसाबाईला ती हाक ऐकली की हातातली कात्री जास्तच घट्ट धरावीशी वाटायची. हर्षलच्या रीलमध्ये तर आणखी गंमत. स्टेअरिंगवर खंडेरावाचे हात दिसायचे, पुढच्या क्षणाला ललितभाऊचं हसरं तोंड. मधली मान आणि डोकं कुणी खाल्लं, देव जाणे. नवसाबाईची पोरगी निकिता कॉलेजात सांगून थकली की ते हात माझ्या वडिलांचे आहेत. मैत्रिणी हसल्या, आणि तिनं सांगायचं सोडून दिलं.

खंडेराव तिथं का टिकून राहिला, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. नवसाबाईनंही तेवढा अन्याय कधी केला नाही. एकोणीस वर्षांपूर्वी, नवा नवा असताना, त्याच्या हातून द्राक्षाच्या क्रेटांनी भरलेली ट्रॉली वळणावर उलटली होती. निवडक माल रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत सांडला. ललितचे वडील भिमाजीअण्णा आले, चारीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "तुला लागलं का रे?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरची किल्ली पुन्हा त्याच्याच हातात दिली आणि म्हणाले, "जो चालवतो त्याच्याच हातनं उलटतं. घरी बसणाऱ्याच्या हातनं काय उलटणार?" त्या दिवसापासून खंडेराव त्या घराला बांधला गेला. अण्णांबद्दल नवसाबाई कधी वावगं बोलली नाही. पण अण्णा जाऊन सात वर्षं झाली होती, आणि बापाचं मोठेपण पोराच्या अंगात उतरतं असं मानायला ती काही खंडेराव नव्हती.

तिला फेटा नको होता, ढालही नको होती. घरात ठेवायला जागाही नव्हती. तिला एकदा, फक्त एकदा, भोंग्यातून आपल्या नवऱ्याचं नाव ऐकायचं होतं. ती स्वतः ते नाव घेत नसे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. म्हणून तर ते दुसऱ्या कुणीतरी मोठ्यानं घ्यावं, असं तिला फार वाटायचं.

आणि यंदा चैत्रात ती वेळ आली. चांदवडकडच्या एका गावच्या यात्रेत सरपंच प्रतिभाताईंनी नियमच बदलला. मालकाचं नाव बंद. जो स्टेअरिंगवर बसेल त्याचंच नाव पुकारलं जाईल आणि फेटाही त्यालाच. बातमी पॅकहाउसमध्ये पोचली तेव्हा नवसाबाईनं चार घड तसेच बिनकातरलेले पुढं ढकलले, बारा वर्षांत पहिल्यांदा. खंडेरावाचा पांढरा शर्ट तिनं धुऊन, नीळ घालून, शेजारणीची इस्त्री आणून कडक केला.

आदल्या दिवशी संध्याकाळी ललितभाऊचा फोन आला. खंडेराव ओट्यावर बसून "हां भाऊ, बरं भाऊ," करत राहिला. फोन ठेवून तो पाण्याच्या तांब्याकडं बघत बसला.

"काय म्हणतोय?" नवसाबाईनं विचारलं.

"उद्या भाऊ बसत्यात सीटवर. मी मडगाडवर बसायचं अन् कुठं वळवायचं ते सांगायचं."

"त्यांना रिव्हर्स येतं?"

"नाय येत. म्हणून तर मला बसवत्यात."

"मग नका बसू ना! पडू द्या तोंडावर. लोकांना एकदा कळू द्या."

"ट्रॉली माणसांत गेली मंग? ट्रॉलीवर अण्णांचं नाव लिव्हलेलं हाय."

"ट्रॉलीवर अण्णांचं नाव, भोंग्यात भाऊचं नाव. तुमचं नाव आधारकार्डावर तरी हाय का, बघून या एकदा!"

खंडेराव हसला. तो असा हसला की नवसाबाईचा संताप जास्त वाढायचा, कारण त्या हसण्यात राग नसायचा, लाजही नसायची. "तुला नाय कळायचं," तो म्हणाला. तिला सगळं कळत होतं, दुखणं तेच होतं. इस्त्रीचा शर्ट तिनं घडी घालून पुन्हा पेटीत टाकला.

तरी दुसऱ्या दिवशी ती गेली. का गेली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मनात कुठंतरी वाटत असणार की ऐनवेळी हा माणूस ताठ उभा राहील. कांदा काढून मोकळं झालेलं उताराचं वावर होतं, वाळलेली पात अजून तशीच पडलेली. नवसाबाई दोरीला लागून बसली. शेजारी त्याच गावची भागीबाई नावाची म्हातारी छत्री उघडून बसली होती, तिनं अर्धी छत्री हिच्यावर धरली.

आणि मग ट्रॅक्टर आले. अकरा ट्रॅक्टर, अकरा सीटवर अकरा मालक, आणि अकरा मडगार्डवर अकरा ड्रायव्हर! प्रतिभाताईंनी चालवणाऱ्याला मान द्यायचा नियम काढला, तर मान घ्यायला मालकच चालवायला बसले. कडक पांढरे कपडे, काळे चष्मे, एकाच्या गळ्यात तर शर्यतीआधीच हार. आयुष्यात ज्यांनी स्कूटरसुद्धा मागं घेताना पाय टेकवले, ते आज शंभर मीटर ट्रॉली उलटी पळवणार होते. नवसाबाईला हसू आवरेना. "नाव म्हणलं की कशी मुंगळ्यावानी चढली बघा," ती भागीबाईला म्हणाली.

पहिल्याची ट्रॉली दहा मीटरवर पुस्तकासारखी मिटली. दुसरा सरळ चुन्यावरून गेला आणि खाली उतरून चुनाच वाकडा टाकलाय म्हणून पंचांशी भांडला. तिसऱ्यानं घाईत पुढचा गिअर टाकला आणि आपल्याच शिट्ट्या मारणाऱ्या पोरांना पळवून लावलं. प्रत्येक वेळी मडगार्डवरचा ड्रायव्हर खाली मान घालून मालकाच्या शिव्या खात होता. पोरं कितीही असोत, शिव्या खायला सगळ्या ग्रुपांत एकच माणूस लागतो.

पुढचे तिघेही असेच बाद झाले. सातवी पाळी ललितभाऊची. खंडेरावाचा एक हात त्याच्या खांद्यावर होता. उजवीकडं दाबलं की उजवीकडं, डावीकडं दाबलं की डावीकडं. आणि खरंच, चाळीस मीटर ट्रॉली सुतासारखी गेली. नवसाबाईला त्या गर्दीत कळत होतं की हे कुणाचं चालवणं आहे. तेवढ्यात हर्षल मोबाइल घेऊन पट्ट्याजवळ धावत आला, आणि ललितभाऊनं रीलसाठी एक हात वर केला. ट्रॉली डावीकडं घसरली, चाक चुन्यावर चढलं, ट्रॅक्टर उतारावर तिरका होऊन थांबला. बाद.

"खंडू, उशिरा सांगितलंस तू!" ललितभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला.

"चुकलं भाऊ," खंडेराव म्हणाला.

बाकीचे चारही तसेच गेले. अकराच्या अकरा बाद, आणि बाद झालेले सगळे ट्रॅक्टर पट्ट्यांच्या कडेला उतारावरच उभे. ढाल टेबलावर तशीच उभी. तेव्हा प्रतिभाताईंनी स्वतः माइक हातात घेतला. "मालकांची हौस फिटली असेल तर आता एक ऐका. तिकडं यात्रा समितीचा ट्रॅक्टर ट्रॉली जोडून उभा आहे. तो कुणाच्याच नावावर नाही. मडगार्डवर बसलेल्या अकरांपैकी ज्याला चालवता येतं त्यानं खाली उतरावं आणि यावं. पोचेल त्याचं नाव मी पुकारते. आणखी कुणाचं पुकारणार नाही."

अकरा ड्रायव्हरांनी अकरा मालकांकडं पाहिलं. मालक समोर बघत राहिले. एकानं ड्रायव्हरच्या गुडघ्यावर नुसता हात ठेवला, तेवढं पुरलं. कुणी हललं नाही. दहा जणांबद्दल नवसाबाईला काहीच वाटलं नाही, ती अकराव्याकडं बघत होती. आज नाही तर कधीच नाही, हे तिला माहीत होतं.

आणि खंडेराव मडगार्डवरून खाली उतरला.

लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. प्रतिभाताई माइकमध्ये "या, या!" म्हणाल्या. नवसाबाई छत्री बाजूला सारून ताडकन उभी राहिली आणि आयुष्यात जे नाव तिनं उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं, ते तिनं चारचौघांत, डोक्यावरचा पदर पडलेला असताना, जीव तोडून घेतलं. "खंडेराव! ओ खंडेराव!"

त्यानं ऐकलं. वळून तिच्याकडं बघितलंसुद्धा. मग तो चार पावलं गेला, बांधावरचा एक मोठा दगड उचलला, परत आला आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाखाली लावला. बाकीच्यांचे ड्रायव्हर काय करतात ते बघायच्या नादात ललितभाऊ सीटवर उभा राहिला होता, ब्रेकवरचा पाय निघाला होता, आणि ट्रॅक्टर उताराला हळूहळू सरकायला लागला होता. ते अख्ख्या वावरात एकट्या खंडेरावालाच दिसलं होतं. त्यानं दगड पायानं दाबून बघितला, हात झटकले आणि पुन्हा मडगार्डवर चढून बसला.

शिट्ट्या हळूहळू थांबल्या. नवसाबाई तशीच उभी होती. बारा वर्षं तिनं खराब मणी काढले होते, पण अख्खा घड असा हातातून निसटलेला तिनं पाहिला नव्हता. तिला रडू आलं नाही. तिला किळस आली, त्याचीही आणि अशा माणसाचं नाव ओरडलेल्या स्वतःचीही.

भागीबाईनं खालून तिचा पदर ओढला. "अगं, त्यो तुझा कोण म्हणायचा?"

"माझा कोणी नाय," नवसाबाई म्हणाली. "त्यो ललितभाऊंचा हाय."

तिनं पदर डोक्यावर घेतला, चपला पायात सरकवल्या आणि पिंपळगावकडं जाणारी जीप बघायला ती हायवेकडं निघाली.