पोळ्याच्या दिवशी खरवडलेली रिंग

बीडजवळच्या आमच्या पाली गावात सत्यभामेच्या पंक्चरच्या टपरीला लोक अजून ‘म्हाळूची टपरी’च म्हणत, आणि मला त्याचा राग यायचा. म्हाळू, तिचा नवरा, जाऊन दोन वर्षं झाली होती. एका जुन्या पिकअपच्या चाकात तो हवा भरत होता. नव्या गाड्यांसारखी त्या चाकांची डिस्क एकसंध नसे. टायर धरून ठेवायला कडेनं वेगळी लोखंडी रिंग बसवलेली असे. खाचेत रंगाचे थर साचल्यानं ती नीट बसली नव्हती. हवेच्या दाबानं उडाली ती थेट म्हाळूच्या छातीवर. शेजारच्या माझ्या किराणा दुकानातून मी धावलो, पण काही उपयोग झाला नाही.

मग टपरी सत्यभामेनं चालवायला घेतली. बाईमाणसाकडून चाक खोलून घ्यायला लोक आधी बिचकले, नंतर मुकाट थांबू लागले.

शहाण्णवच्या पोळ्याला धुळाजी आला. त्यानं बैलजोडी मोडून तसल्याच रिंगांची एक जुनी पिकअप घेतली होती, म्हणून पोळ्याला तो तिलाच सजवी. बैलांची शिंगं रंगवतात तसा चारी रिंगांना लालभडक ऑइलपेंट, दरसाल, जुन्यावर नवा. पुढचं चाक पंक्चर होतं आणि मारुतीपुढं मिरवणूक निघायची वेळ झाली होती. त्याची बायको मंजुळाबाई नैवेद्याचं ताट घेऊन गाडीत बसली होती.

सत्यभामेनं उरलीसुरली हवा सोडली, रिंग काढली आणि तारेचा ब्रश उचलला.

“वैनी, रंग नगा काढू! सणाच्या दिशी अपशकुन व्हतो,” धुळाजी ओरडला.

“माज्या कपाळाकडं बघा धुळाजीभाऊ, अन् मंग शकुनाचं बोला.”

पापुद्रे निघाले. खाली रिंगेला बारीक चीर गेलेली होती.

“ही म्या बसवणार न्हाई. बीडहून दुसरी आणा.”

“गावाची बैलं मिरवतील अन् माजी गाडी हितं? लोक हसतील. आजच्यापुरती हवा भरा की.”

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

“भरते. चाकाम्होरं तुमी बसा,” सत्यभामा म्हणाली.

धुळाजी जागचा हलला नाही. मंजुळाबाईच खाली उतरली. ताट माझ्या दुकानाच्या फळीवर ठेवून तिनं ब्रश घेतला आणि दुसऱ्या चाकाशी बसली.

“अगं, येडी झाली का?”

“मला हिच्या जागी बसायचं न्हाई,” ती मान वर न करता म्हणाली.

सत्यभामेनं ते ऐकलं. तिनं आधी त्या चाकाची हवा सोडली, मग दुसरा ब्रश घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसली.