काका मागे बसायचे

आमच्या काकूचं मोटारसायकलवरचं प्रेम सुरू झालं ते भांडणातून. आधी दोनेक वर्षं ती त्या गाडीशी नुसती भांडत होती.

गाडी आणली काकांनी. काका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. तिथल्या एका साहेबाची लांब बदली झाली आणि जाता जाता त्याने आपली जुनी, जडशीळ हिरवी मोटारसायकल काकांच्या गळ्यात मारली. काकांना कुणालाही नाही म्हणता यायचं नाही. "तुमच्यासारख्या शांत माणसाकडे गाडी नीट राहील," असं साहेब म्हणाला आणि काकांनी मान हलवली. कचेरीतल्या शिपायाने ती घरापर्यंत चालवत आणून दिली. दुसऱ्या दिवशी काका स्वतः बसले. क्लच एकदम सुटला, गाडीने उडी मारली आणि समोरच्या बाईंच्या कोंबड्यांच्या खुराड्यात दोघंही शिरले. फारसं कुणाला लागलं नाही, पण अंगावरची पिसं झटकत काका बाहेर आले ते कानाला खडा लावूनच.

तेव्हापासून गाडी घराच्या बोळात उभी. वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो, खालच्या दोन खोल्यांत काका-काकू. काकू शिवणकाम करायची. इस्पितळाच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे झगे यांचे गठ्ठे तिच्याकडे यायचे. गठ्ठा छातीशी धरून ती बोळातून आत शिरली की गाडीचं पायदान हमखास तिच्या नडगीला लागायचं.

"हत्ती पाळलाय हत्ती," ती म्हणायची. "तोही निदान कधीतरी सोंड हलवतो. हे नुसतं वाट अडवून उभं."

शेवटी तिने कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याला सगळे पाना म्हणत, कारण त्याच्या वरच्या खिशात पेनाच्या जागी एक छोटा पाना असायचा.

"भाऊ, ही घेऊन जा. विका, मोडा, कुणाला देऊन टाका. मला विचारू नका."

"ढकलत नेऊ की चालवत, वहिनी?"

"चालते का ही अजून?"

"बघू या."

त्याने प्लग काढून घासला, कार्बोरेटर उघडून फुंकला, पेट्रोल घातलं आणि काकूला म्हणाला, "जरा हँडल धरा." त्याने दोन-तीनदा किक मारली. गाडी खोकली, थांबली, परत खोकली आणि सुरू झाली. खिडकीतली भांडी वाजायला लागली. काकूने हँडल सोडलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी तिने मला हे सांगितलं. "आवाज कानातून नाही गेला गं. हातातून गेला, पार खांद्यापर्यंत. दिवसभर मी पायाने मशीन हाणते. चाक फिरतं, पट्टा फिरतो आणि मी आपली आहे तिथेच. आणि ही म्हणत होती, चल."

पाना गाडी न्यायला निघाला तेव्हा ती म्हणाली, "आज राहू द्या."

पाना हसला नाही. त्याने फक्त विचारलं, "शिकायची का?"

वीटभट्टी बंद पडल्यावर तिच्या मागे मोठं मोकळं मैदान उरलं होतं. पहाटे तिथे शिकवणी सुरू झाली. झग्यांच्या उरलेल्या जाड कापडाची काकूने स्वतःसाठी पँट शिवली. पहिल्या दिवशी पान्याने तिला गाडीवर बसूच दिलं नाही. गाडी आडवी पाडली आणि म्हणाला, "उचला." हाताने ती जागची हलेना. मग त्याने दाखवलं: गाडीकडे पाठ करायची, कंबर सीटला टेकवायची, गुडघ्यात वाकायचं आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उठायचं. "जिला उचलता येते, तिला पडायची भीती वाटत नाही," तो म्हणाला.

काका शेजारून धावायचे. लहान मुलाच्या सायकलीला धरतात तसं त्यांनी सीटला धरलेलं असायचं.

"साहेब, बाजूला उभे राहा," पाना म्हणाला. "पडली तर मला तिघांना उचलावं लागेल."

क्लचने काकांना दगा दिला होता, काकूला दिला नाही. काजाचा शेवटचा टाका घालताना ती मशीनचं चाक हाताने हळूच आवरायची. तोच हात इथे कामी आला. महिनाभरात ती मैदानाबाहेर पडली आणि गठ्ठे मागे बांधून इस्पितळात पोचवायला लागली. रस्त्यात लोक थांबून बघायचे. भाजीवाल्याने एकदा विचारलं, "बाई, ब्रेक कुठे असतो माहीत आहे ना?" काकूने त्याच्या टोपलीला चाक टेकेल न टेकेल अशी गाडी थांबवली आणि दोडके मागितले. गल्लीने तिचं नाव फटफटी ठेवलं. तिला ते आवडलं असावं, कारण तिने कधी कुणाला टोकलं नाही.

सुट्टीच्या दिवशी काका तिच्या मागे बसायला लागले, तेव्हा मात्र घरात पहिली ठिणगी पडली. माझे वडील काकांपेक्षा मोठे आणि घरात त्यांचाच शब्द शेवटचा. ते जिन्यात उभे राहून म्हणाले, "बायकोच्या मागे बसून गावभर फिरतोस. जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

"दादा," काका म्हणाले, "मी पुढे बसलो तर दोघंही पडतो."

वडील वर निघून आले आणि चहा गार झाला म्हणून आईवर ओरडले.

काका घरात फारसे बोलायचे नाहीत. जेवायला वाढू का, हो. पाऊस येईल का, येईल बहुतेक. दिवस तेवढ्यावर निघायचा. गाडीच्या मागच्या सीटवर मात्र त्यांचं तोंड बंद व्हायचं नाही. काकू सांगायची, गाव मागे पडलं की यांचं सुरू. कचेरीत कोण कुणाची खुर्ची ओढतंय, लहानपणी विहिरीत पडलेला चेंडू, वाटेतल्या पाट्या, झाडं, स्वतःची भीती. समोर कुणाचा चेहरा नसला की त्यांना बोलता येत होतं.

"अर्धं वारा घेऊन जायचा," ती म्हणायची. "उरलेलं अर्धं मला. पण लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि तेवढंही मला आधी मिळालं नव्हतं."

म्हणून ते लांब लांब जायला लागले. आधी नदीपर्यंत, मग धरणापर्यंत, मग घाट चढून पलीकडे. काका थर्मास गळ्यात अडकवून बसायचे. काकूला रस्ता आवडायचा, वळणावर अंग झुकवलं की गाडीही झुकते हे आवडायचं, आणि चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन दम धरून कसं ओढतं तेही. घरी आल्यावर ती पान्याकडे जाऊन बसायची, इंजिन उघडायला शिकायची. तिच्या नखांत काळं दिसायला लागलं. चादरींना डाग लागू नयेत म्हणून ती मशीनवर बसण्याआधी हात रॉकेलने आणि मग साबणाने धुवायची. शिवताना बाहेरून एखादी गाडी गेली की तिचा पाय थांबायचा. "चेन सैल आहे त्याची," ती स्वतःशीच म्हणायची आणि पुढचा टाका घालायची.

काका-काकूंना एक मूल झालं होतं. एकच दिवस जगलं. आमच्या घरात त्याबद्दल कुणीही बोलत नसे. मलाही ते मोठी झाल्यावर कळलं. एकदा घाट उतरताना काका मागून म्हणाले, "त्याचं नाव ठेवायला हवं होतं आपण."

काकूने गाडी थांबवली नाही. "थांबवली असती तर मला वळून बघावं लागलं असतं," ती मला म्हणाली, "आणि मग ते बोललेच नसते." तिने गिअर खाली घेतला आणि हळूहळू उतरत राहिली. घाटाच्या पायथ्यापर्यंत काकांनी एकेक नाव सुचवलं, तिनेही दोन सांगितली. कुठलं ठरलं ते तिने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी कॉलेजात असताना बाजाराच्या वळणावर कुणाच्या तरी पिंपातून तेल सांडलं होतं. गाडी घसरली. काकांचं कोपर खरचटलं, काकूचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ती इस्पितळात आली तेव्हा तिने स्वतःच शिवलेली चादर तिच्या अंगाखाली होती. नर्सला ती म्हणाली, "काठ उसवलाय हिचा. आठवडाभरात शिवून देते." आठवडाभरात काही जमलं नाही, हात बरेच दिवस झोळीत होता.

तेवढ्यात माझ्या वडिलांनी गिऱ्हाईक शोधलं. गिऱ्हाईक दारात आलं, गाडीभोवती फिरलं, टायर दाबून बघू लागलं. काका आतून बाहेर आले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता.

"दादा, ही विकायची नाही."

"अरे, जिवावरचं हाडावर निभावलं. आता तरी शहाणा हो."

"गाडी तिची आहे. मी फक्त मागे बसतो. विकायची की नाही, ते ती सांगेल."

जन्मात पहिल्यांदा काका मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर गेले. गिऱ्हाईक परत गेलं. वडील दोन दिवस खाली उतरले की मान फिरवून जायचे.

पण खरी अडचण वेगळीच होती. हाड जुळलं, हात वर जायला लागला, तरी काकू गाडीजवळ जाईना. तिने एका जुन्या चादरीने गाडी झाकली. इस्पितळाचे गठ्ठे हातगाडीवरून जायला लागले. पाना येऊन गाडी सुरू करून दाखवायचा, ती आतून म्हणायची, "चहा घेऊन जा, भाऊ," आणि बाहेर यायची नाही.

काकांनी तिला समजावलं नाही. ते त्यांना जमलंही नसतं. संध्याकाळी कचेरीतून आले की ते बोळात जायचे, चादर काढायचे, गाडी पुसायचे आणि मग स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर चढून बसायचे. पुढची सीट रिकामी. आणि तिथे बसून ते बोलायचे. आज कचेरीत नळाच्या तक्रारी किती आल्या, साहेबाने कुणाला झापलं, पुलावर नवीन कठडा बसवतायत. भिंतीपलीकडे काकू मशीनवर बसलेली असायची. काका बोलायला लागले की मशीनचा आवाज थांबायचा.

मी जिन्यातून हे बघितलं आहे. चष्मा लावलेला, कचेरीचा कोट घातलेला एक माणूस उभ्या गाडीवर मागे बसून भिंतीशी बोलतोय. गल्लीतले लोक हसायचे. काका बसायचे.

एका संध्याकाळी काकू हात पुसत बोळात आली.

"पुलाचा कठडा कुठल्या बाजूने बसवतायत?"

"तसं सांगून नाही कळायचं," काका म्हणाले. "बघावं लागेल."

तिने पँटही घातली नाही. घरच्या कपड्यांवरच पुढे बसली. गाडी बोळातून निघताना हँडल भिंतीला घासलं. पुलापर्यंत जाऊन दोघं परत आली. काकू घामाने चिंब झाली होती आणि काका कठड्याबद्दल अजून बोलतच होते.

त्यानंतर त्यांना भरपूर वर्षं मिळाली. काका निवृत्त झाल्यावर तर दोघं आठवडा आठवडा घराबाहेर असायची. मग एका दुपारी काका खुर्चीत बसल्या बसल्या गेले. काही दुखलं-खुपलं नाही. काकू रडली, दिवस सरले, आणि ती परत मशीनवर बसली. गाडीही तिने सोडली नाही. "मागचं चाक उडतं आता," एवढंच म्हणाली. "हलकी झालीय."

एकदा मी तिच्या मागे बसले. मी गप्प होते, काय बोलावं कळेना. धरणाच्या रस्त्यावर ती पुढूनच म्हणाली, "बोल ना काहीतरी. काहीही चालेल." मग मी माझ्या नवऱ्याच्या तक्रारी सांगायला सुरुवात केली, त्या येताना संपल्या.

गुडघे दुखायला लागले तेव्हा किक जमेना. पान्याने तिला बटणावर सुरू होणारी हलकी, लाल गाडी मिळवून दिली. हिरवी त्याच्या गॅरेजात ठेवली. काकू ती अधूनमधून सुरू करायला लावते, पण किक मारतो आणि चालवतो पान्याचा मुलगा. लाल गाडीला तिने बरेच दिवस नावं ठेवली. "हिचा आवाज माझ्या मशीनपेक्षा कमी आहे." पण त्याच गाडीवर तिने इस्पितळातल्या नर्सेसना शिकवलं. त्यातल्या कितीतरी जणी उशिराची ड्युटी संपवून एकट्या घरी जायच्या आणि बसची वाट बघत उभ्या राहायच्या. भट्टीमागच्या मैदानाच्या अर्ध्या भागात आता घरं झाली, उरलेल्या अर्ध्यात काकू खुर्ची टाकून बसते. पहिल्या दिवशी कुणालाच गाडीवर बसू देत नाही.

गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शिवणकाम आधीच कमी झालं होतं, त्याचं तिला फार वाटलं नाही. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांना तिने एकच विचारलं, "गाडी कधी?"

"आजी, महिनाभर धूळ नको."

"काचेचं हेल्मेट घातलं तर?"

"तरी महिनाभर."

तिने मुदत पाळली. मग मी तिला पान्याच्या गॅरेजात घेऊन गेले. दोन्ही गाड्या तिथेच होत्या. तिने लाल गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून टाकीकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"भाऊ, हा ओरखडा कुणी पाडला?"

पाना आता म्हातारा झालाय, बाकावर बसून असतो. "वहिनी, तो पहिल्यापासून आहे."

"आणि हा गंज?"

"तोही."

मग ती हिरव्या गाडीकडे वळली. टाकीवरून हात फिरवला.

"ही इतकी हिरवी होती?" ती म्हणाली. "मी काळी पडली समजत होते गं."

पान्याने मुलाकडून कापड मागवलं आणि तिच्या हातात दिलं. तिने बाह्या वर केल्या, आणि मला म्हणाली, "तू जा घरी. मला वेळ लागेल."