दोन बोटं ढिलं

माझ्या ताईच्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं ठाम मत होतं. शेजारणीच्या लेकीचं कुणाशी जमलंय इथपासून मी केसांना कुठला रंग लावते इथपर्यंत सगळं तिनं चव्हाट्यावर मांडलेलं. त्यामुळे ती गेली तेव्हा आम्ही रडलो, तिच्या खोड्या आठवून हसलोसुद्धा, पण ती काही गुपित मागे ठेवून गेली असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

ताई आणि भावजी मिळून शिलाईचं दुकान चालवायचे. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. पुढे काउंटर, मधे कापायचं टेबल, मागे खिडकीशी ताईचं मशीन. भावजींनी मापं घ्यायची आणि कापायचं, ताईनं शिवायचं. त्यांनी मशीनला हात लावायचा नाही आणि तिनं त्यांच्या कात्रीला, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. कापायला डोकं लागतं, शिवायला नुसते पाय, असं भावजी गिऱ्हाइकांपुढे खुशाल बोलायचे. ताई तेवढ्यात मशीन जोरात चालवायची.

माप घेताना टेपच्या आत स्वतःची दोन बोटं घालायची, ही भावजींची पद्धत. माणसाला श्वास घ्यायला जागा हवी, म्हणायचे. आणि त्यांची बोटं काही नाजूक नाहीत.

ताई गेल्यावर ते दुकान उघडून नुसते बसून राहायचे. खडूला धार काढायची, मोडायची, पुन्हा काढायची. लेक दुसऱ्या शहरात असते. ती फोनवर रोज एकच सांगायची, "बाबा, दुकान बंद करा आणि इकडे या." ते म्हणायचे, "हात चालतोय तोवर मी इथंच." शेवटी ती माझ्याजवळ रडली. शिवणं मलाही येतं, ताईनंच शिकवलेलं. आणि खरं सांगायचं तर मलाही घर खायला उठत होतं. दुपार झाली की ताईचा फोन येईलसं वाटायचं, आणि तो यायचा नाही. मी म्हटलं, मशीनवर मी बसते.

भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पानातला घास उचललाय. मग ताईच्या खुर्चीवरची उशी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "खडूच्या रेषेवर शिवायचं. इकडे नाही, तिकडे नाही."

मी बिनचूक रेषेवर शिवलं, आणि घोटाळा तिथंच झाला.

पोस्टमनची नवी पँट सायकलच्या साखळीत अडकली. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या बाह्या शाईत बुडायला लागल्या. बँकेचा रखवालदार तर थोरल्या भावाचा गणवेश घालून आल्यासारखा दिसायचा. पण तक्रार म्हणून कुणी केली नाही. आरशासमोर उभे राहायचे, "छान झालंय हं" म्हणायचे आणि कंबर हातात धरून निघून जायचे. इतकी सोशिक गिऱ्हाइकं मी जन्मात पाहिली नव्हती.

"ही गेल्याच्या दुःखानं सगळी गल्ली खंगली," भावजी म्हणाले. त्यांना त्याचं थोडं बरंही वाटत असावं.

"रखवालदाराचं पोट त्याच्या आधी दारातून आत येतं," मी म्हटलं. "तो कुठे खंगलाय?"

"मग तुझी शिलाई ढिली."

"रेषेवर शिवलंय. मोजून बघा."

त्यांनी मोजलं नाही, मीही हटले नाही. त्यानंतर आमचं बोलणं इस्त्रीमार्फत चालायचं. आधी ते आपटायचे, मग मी. शेवटी एके दिवशी त्यांनी माझ्या हातातली विजार ओढून घेतली, उलटी केली आणि टेप लावली. शिलाई रेषेवर होती. त्यांनी पुन्हा मोजलं. मग स्टुलावर बसले आणि अगदी हळू म्हणाले, "म्हणजे हात गेला माझा. तिच्याबरोबरच गेला."

मी एरवी भांडणात मागे राहणाऱ्यातली नाही, पण तेव्हा मी ती विजार उचलून तिची घडी घालायला लागले. त्यांनी तिथंच लेकीला फोन लावला आणि येतो म्हणून सांगितलं. कात्रीला तेल लावलं आणि जुन्या कापडात गुंडाळून ठेवली. तो माणूस माझ्यादेखत म्हातारा झाला.

दुकान आवरायला घेतलं आणि पोस्टमन दारात. खांद्यावर एक जुना कोट, अस्तर फाटलेलं. कोट भावजींनीच कापलेला आणि ताईनं शिवलेला.

"आता कामं घेत नाही," भावजी म्हणाले.

"नुसतं अस्तर तर आहे, मी लावते," मी म्हटलं आणि कोट उसवला. आत खडूची पिवळी रेष जशीच्या तशी. कोट कधी धुतलाच नव्हता. "धुवायचा असतो का?" पोस्टमननं विचारलं, पण माझं लक्ष शिलाईकडे होतं. शिलाई रेषेवर नव्हतीच, चांगली आत होती. मी रेष आणि शिलाई यांच्यामध्ये बोटं ठेवून पाहिली. माझी तीन मावली, म्हणजे भावजींची दोन. दुसऱ्या बाजूला पाहिलं, तिथंही तेच.

"भावजी, इकडे या."

त्यांनी चष्मा लावला. रेषेवरून नख फिरवलं.

"ही रेष माझी."

"हो."

"मग शिवलं कुणी असं?"

"तुमच्या बायकोनं."

पोस्टमन मान खाजवत उभा होता. आता पळावं की राहावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. "मास्तर," तो म्हणाला, "वहिनी म्हणायच्या, ते मोठं माप घेतात तर घेऊ दे, मी आतून शिवते. तुम्ही मात्र त्यांच्याजवळ बोलू नका."

"आणखी कुणाला सांगितलं होतं तिनं?" भावजींनी विचारलं.

"गल्लीत कुणाला नाही, ते विचारा."

माझं टाळकंच सरकलं. "मग पँट साखळीत जाईपर्यंत तोंडाला काय कुलूप घातलं होतं?"

"शब्द दिलेला ना वहिनींना," तो म्हणाला. "त्या गेल्यावर लगेच कसा मोडायचा?"

मी रागानं लाल. अख्ख्या गल्लीला सांगितलं आणि पाठच्या बहिणीला नाही. भावजी मात्र ताईच्या खुर्चीवर जाऊन बसले, कधी बसत नसत तिथे, आणि हसायला लागले. "लबाड बाई," म्हणाले. मग हसणं थांबलं. "एकदा बोलायचं होतं तिनं. मी बोटं काढली असती."

"काढली असतीत?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसती काढली. तुलाच शिवता येत नाही म्हणालो असतो."

मग उठले, गळ्यात टेप अडकवली आणि पोस्टमनला म्हणाले, "या असे पुढे. तुमची पँट नीट करून देतो. आणि हो, माझं माप ढिलं असतं. आता मलाही माहीत आहे."

टेप कमरेभोवती गेली, सवयीनं बोटं आत शिरली, आणि भावजींनी ती एकेक करून बाहेर काढली. वाकून आकडा पाहायला लागले. पाहतच राहिले.

"दिसत नाही," म्हणाले. चष्मा नाकावरच होता. "तू वाच."

मी वाकले, पण मलाही कुठला दिसायला. आम्ही दोघं तसेच टेप धरून उभे. शेवटी पोस्टमननंच मान खाली घातली आणि दारादारात नावं पुकारतो त्या आवाजात स्वतःच्या कमरेचा आकडा वाचून दाखवला.