मनोरमाबाईंचं किंग्स्टन

"जर्मनी पाहिलीत की नाही?" असं कराडला कुणी विचारलं की मनोरमाबाई म्हणायच्या, "पाहिली की! मुलाचं स्वयंपाकघर पाहिलं, काउफलांड नावाच्या दुकानातली भाजी पाहिली, आणि स्पीलप्लात्झवरचा बाक तर तोंडपाठ आहे." लोक हसायचे. स्पीलप्लात्झ म्हणजे पोरांचं खेळायचं मैदान, एवढं सांगायची तसदी त्या घेत नसत.

तीन वर्षं हेच चाललं होतं. मुलगा शार्दूल नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, सून उर्जा सॉफ्टवेअरमध्ये. नात इप्सिताला किटात, म्हणजे तिथल्या बालवाडीत, जागा मिळेना. म्हणून आजीला बोलावणं. तीन महिन्यांचा व्हिसा संपला की कराड, नवा मिळाला की पुन्हा विमान. "आई आहेत म्हणून निभावतंय हो," असं उर्जा चारचौघांत सांगायची. ते ऐकून बाईंना बरंही वाटायचं आणि जीव घुसमटायचाही. रविवारी तरी कुठे न्यावं? छे! ती दोघं दमलेली, आणि बाई पडल्या भिडस्त. तोंड उघडून मागतील तर शपथ!

त्यांची लेक देवश्री तिकडे जमैकात, किंग्स्टनच्या विद्यापीठात शिकवते. ती व्हिडिओ पाठवायची. विद्यापीठाच्या आवारातच पाणी वाहून नेणाऱ्या जुन्या दगडी कमानी, वर निळसर डोंगर. होप गार्डनमधली झाडं. डेव्हन हाउस नावाची पांढरीशुभ्र हवेली, तिथे आइस्क्रीमसाठी ही रांग! आणि पोर्ट रॉयल, भूकंपात अर्धंअधिक समुद्रात गेलेलं चाच्यांचं गाव. बाई बाकावर बसून ते पुन्हापुन्हा बघायच्या. एकदा देवश्री म्हणाली, "आई, ऑगस्टअखेरपर्यंत मला सुट्टी आहे. ये ना. इथे तुला काही काम नाही. नुसतं फिरायचं." नुसतं फिरायचं! जन्मात कुणी हे त्यांना म्हटलं नव्हतं. बाईंचे डोळे भरून आले.

"शार्दूलशी बोलू का मी?" देवश्रीने विचारलं.

"खबरदार! आधी इप्सिता किटात रुळू दे. मग मीच सांगेन."

कारण जुलैत, एकदाची, जागा मिळाली होती. पण तिथे मूल नुसतं सोडून येता येत नाही. घरचं माणूस आधी शेजारी बसतं, मग दाराबाहेर, असं हळूहळू सुटायचं. आईबापांना कुठली सुट्टी? बसल्या आजीच.

पोरगी खेळायला लगेच रमली. आजीला हात हलवून "च्यूस!" म्हणजे टाटा सुद्धा म्हणाली. घोडं अडलं जेवणापाशी. ताट समोर आलं की हिचं तोंड कुलूपबंद! तिथल्या शिक्षिका फ्राउ केलर गोड बोलून दमल्या. दोन आठवडे झाले तरी तेच. पोरगी एकटी जेवल्याशिवाय आजीला सुट्टी नाही, आणि ऑगस्ट तर सरत चाललेला.

दाराबाहेर बसून मनोरमाबाई स्वतःवरच चरफडत होत्या. कारण खोड त्यांचीच होती. दुसऱ्या आज्या काऊचा घास, चिऊचा घास म्हणून भरवतात. ह्यांनी काय केलं, तर मनात अष्टौप्रहर किंग्स्टन, म्हणून "हा घास होप गार्डनच्या पोपटाचा, हा पोर्ट रॉयलच्या चाच्याचा, हा डेव्हन हाउसच्या आजीचा!" पोरगी टाळ्या पिटायची, "नोख माल!" ओरडायची, म्हणजे पुन्हा. आता त्या घासांशिवाय तिला अन्न गोड लागेना. जिथे जायचा ध्यास, त्याच गावाने पाय बांधले. काय म्हणावं ह्या कर्माला!

शेवटी फ्राउ केलरने शार्दूलला बोलावून घेतलं. तो येऊन दाराशी उभा राहिला. आत आई लहानशा खुर्चीवर अवघडून बसली होती आणि हळू आवाजात गावं सांगत भरवत होती. पोरगी गपागप जेवली.

पोरीला आत खेळायला सोडून दोघं बाहेर गाडीपाशी आल्यावर त्याने विचारलं, "आल्झो, म्हणजे, आई, हे पोर्ट रॉयल काय प्रकरण आहे?"

"देवश्रीच्या गावाजवळ आहे. मला बघायचंय ते." आवाज चढला, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "सगळंच बघायचंय मला! ह्याच महिन्यात जायचं होतं. आता कसली जाते!"

 शार्दूलने तिथेच, गाडीला टेकून, साहेबाला फोन लावला. जर्मनमध्ये चार वाक्यं, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे बरोबर, बरोबर, थोडं हसणं, आणि फोन खिशात.

"झालं! सोमवारपासून मी बसतो इप्सितापाशी. साहेब म्हणाला, सुट्टी पडून आहे, इतके दिवस का नाही घेतलीस? देवश्रीला सांग तिकीट काढायला." शाबासकी मिळणार म्हणून तो हसत उभा होता.

"एका फोनचं काम होतं?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"हो ना! तू कधी बोललीच नाहीस, आई. मला कसं कळणार?"

बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी संताप उसळला. "लहानपणी तुला ताप यायचा, तेव्हा तू सांगत होतास का रे मला?"

 शार्दूलने गाडीचं दार उघडून धरलं. मनोरमाबाई बसल्या नाहीत. पदराने डोळे पुसून त्या समोरच्या रस्त्याने चालू लागल्या, तीन वर्षांत पहिल्यांदा एकट्या, आणि मागून येणाऱ्या हाकेला त्यांनी ओ दिली नाही.