गाडीत कोण कोण बसणार?

"गाडीत कोन कोन बसनार?"

विम्याचं काम घेऊन कुणीही गेलं की अंकलचा पहिला प्रश्न हा. गाडी कुठली, किती जुनी, हे नंतर. वसई कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात त्यांचं टेबल होतं. चष्मा कपाळावर चढवून ते असे निरखत, की आपण मुलीला मागणी घालायला आलोय की काय असं वाटावं.

मी चंदनसारला फ्लॅट घेतला आणि पाठोपाठ एक जुनी गाडी. "सगळ्यात स्वस्त काय असेल ते द्या," म्हणालो.

"स्वस्त म्हंजे थर्ड पार्टी. रस्त्यावरच्या मानसाला भरपाई हाय, गाडीत बसल्याला नाय. आई बसनार?"

"बसणार."

"शेजारी?"

"कधीमधी."

"मग फुल घ्या, सर."

कमिशनसाठी चाललंय सगळं, असं मला वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. पण अंकलनी पिच्छा सोडला नाही, म्हणून दरवर्षी कुरकुरत फुल घेत आलो. एकदा चेष्टेत म्हणालो, "अंकल, आमच्या गाडीत कोण बसतं याची तुम्हाला भारी काळजी!"

ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले आणि मग हळूहळू बोलले.

भुईगावला त्यांच्या आळीत तेव्हा एकच गाडी होती, शेजाऱ्याची. म्हणजे ती सगळ्या आळीचीच. चर्चला, दवाखान्यात, लग्नाला, ज्याला जायचं तो बसे. तिचा विमा अंकलनीच काढला. घरचाच माणूस, त्याला कशाला खर्चात पाडायचं, म्हणून स्वस्तातला. कोण बसणार, हे त्याला विचारलं नाही. आळीत असं विचारणं म्हणजे कुणाला बसवू नकोस म्हणण्यासारखंच. एका लग्नाहून परतताना गाडी उलटली. मागच्या सीटवर अंकलची धाकटी बहीण होती. तिचा पाय कायमचा अधू झाला. कंपनीने हात वर केले. भरपाई मागायची तर शेजाऱ्याकडेच.

"बहीन म्हनाली, त्याला वाडी विकायला लावू काय? केस नाय केली तिने." अंकलनी चष्मा पुन्हा पुसला. "मी विचारला नाय ना, सर. एकदाच नाय विचारला."

मला माझ्या चेष्टेची लाज वाटली.

यंदा विमा संपत आला तेव्हा अंकल दवाखान्यात होते. मी मोबाईलवरच उरकून टाकलं. त्याने गाडीचा नंबर विचारला, वर्ष विचारलं, माझी जन्मतारीख विचारली. बसणार कोण, ते काही विचारलं नाही. आणि तुमच्यापासून काय लपवू, मी सगळ्यात स्वस्त तेच दाबलं.

महिन्याभरात अंकल गेले. भुईगावच्या चर्चच्या आवारात माती देऊन निघालो, तर त्यांची बहीण काठी टेकत माझ्या गाडीपाशी आली. घर थोडं लांब होतं.

"मी बसू ना, सर? तुमचा कागद दादानेच केलेला. म्हंजे चिंता नाय."

"बसा," म्हणालो. दार मीच लावलं, आणि त्यांच्या घरापर्यंत गाडी वीसच्या वर नेली नाही.