आजोबांनी सोडलेला डाव

मुलांनो, तुमचा मामा हल्ली व्हिडिओ कॉलवर तुम्हाला सांगतो की आजोबांचा बुद्धिबळाचा प्रोग्राम बिघाड झाल्यामुळे हरला. ते खोटं आहे. आजोबा स्वतः मामाची चूक दाखवणार नाहीत, म्हणून मी, तुमची आजीच, लिहून ठेवते.

निवृत्तीनंतर आजोबांनी अमेरिकेतल्या या बेलव्ह्यू गावच्या घरात बसून एकट्याने तो प्रोग्राम लिहिला. त्याला एकदा तरी जिंकताना पाहायचं, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी इथल्या एका हॉटेलातल्या स्पर्धेला आम्ही गेलो. तिथे चाल प्रोग्राम ठरवतो आणि पटावरचं मोहरं त्याचा माणूस हलवतो.

अमेरिकन मंडळी एकसारखी जाकिटं घालून आली होती. त्यांचं अवाढव्य यंत्र दुसऱ्याच शहरात. इथे फक्त लॅपटॉप आणि आरडाओरडा. येईल त्याला आपला कोड दाखवत होते. त्यात औदार्य कसलं, कौतुक करून घ्यायची हौस! युरोपातले अगदी उलट. एकेकटे, स्क्रीनला पुठ्ठ्याचा आडोसा, आणि चेहरा असा की नमस्काराला उत्तर दिलं तर गुपित फुटेल. मात्र डाव हातचा गेला की उठून हात मिळवायचे आणि डाव सोडायचे. हरलेला डाव रेटत बसणं असभ्य, हे आजोबांना ईमेलवर त्यांच्यातल्याच एकाने शिकवलं होतं. अमेरिकन मात होईपर्यंत खेळायचे. न जाणो, समोरचं यंत्र बंद पडलं तर!

शेवटच्या फेरीपर्यंत आजोबा सगळे डाव हरले होते. त्या फेरीत जाकीटवाले समोर आले. याही वेळी आपण हरतोय, हे आजोबांचा प्रोग्रामच दाखवत होता. तेवढ्यात जाकीटवाल्यांचा त्यांच्या यंत्राशी संपर्क तुटला. घड्याळ त्यांचं चालू होतं. त्यांची वेळ संपेपर्यंत आजोबा नुसते बसून राहिले असते तरी जिंकले असते. पण ते उठले, हात पुढे केला आणि डाव सोडला.

"ऑसम, मॅन!" म्हणत जाकीटवाल्याने त्यांची पाठ थोपटली.

तोवर सभ्यता शिकवणारे ते ईमेलवाले गुरुजी नियमांचं पुस्तक घेऊन धावत आले. "पंचांना विचारल्याशिवाय डाव सोडता येत नाही! तुमच्यामुळे ते जिंकले आणि माझा पहिला नंबर गेला!" पंचांनी आजोबांना समज दिली आणि निकाल तसाच ठेवला.

गाडीत मी म्हटलं, "आयुष्यात एक विजय मिळत होता, तोही दान केलात?"

"अगं, त्यांचं इंटरनेट गेलं म्हणून मी जिंकलो, असं सांगत फिरू?"

"तुमच्या जागी ते जाकीटवाले असते तर फिरले असते!"

"हो ना," आजोबा म्हणाले, "आणि इंटरनेट गुरुजींचं गेलं असतं, तर ते तक्रार करत फिरले असते."

जाकीटवाल्यांनी पुढे कंटाळून सगळं बंद केलं. गुरुजी आता आजोबांच्या ईमेलला उत्तर देत नाहीत. आजोबांनी प्रोग्राममध्ये एकच भर घातली: डाव गेला की आता तो स्वतःच सोडतो. खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर तो अजून चालतो. जिंकलेला मात्र एकदाही नाही.